आईच्या वाट्याची दुपार

आमच्या घरात दिवसा कोणी मोठ्याने बोलत नसे. बाबा कशेळीच्या बाजूला एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन होते. सकाळी घरी येत, चहा-भाकर खात आणि आतल्या खोलीत आडवे होत ते थेट ऊन उतरेपर्यंत. भिंतीपलीकडच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट त्यांना चालायचा, त्याची कानांना सवय होती. माणसाचा आवाज झाला की मात्र जाग यायची. आणि आमची धाकटी आवाज केल्याशिवाय राहू शकत नसे.

धाकटी म्हणजे माझी बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला, आकड्या आल्या. ताप उतरला, पण पोर पुढे सरकली नाही. अंगाने वाढत गेली, समज चार-पाच वर्षांच्या मुलीचीच राहिली. शाळेत घातलं तर मास्तरांनी "मतिमंद आहे, इथे नाही जमणार" म्हणून परत पाठवलं. तिला ताटली वाजवायला आवडायची. ताई म्हणजे मी, आणि एकच प्रश्न ती दिवसभर विचारायची, "ताई कधी येनार?" आई तोंडावर बोट ठेवून तिला गप्प करायची, ओट्यावर घेऊन बसायची, वाटीभर चुरमुरे पुढ्यात ठेवायची. बाबांची झोप मोडली तर रात्री ड्युटीवर डोळा लागणार आणि नोकरी जाणार, ही भीती आईच्या मनात कायम असे.

रात्री वेगळंच. धाकटी मधेच उठायची, कडी काढून बाहेर चालू लागायची. एकदा ती पार रहदारीच्या धामणकर नाक्यापर्यंत जाऊन पोचली होती. तेव्हापासून आई पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधून झोपायची. पदर ओढला गेला की आई जागी. म्हणजे रात्री धाकटीमुळे झोप नाही आणि दिवसा बाबांमुळे नाही. मी मानकोलीच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सकाळी निघायची ती संध्याकाळी धुळीने भरून परत यायची. हातपाय धुतले की धाकटी माझ्याकडे. आई तेवढ्यात स्वयंपाकाला लागायची. आईला बसल्या बसल्या डुलकी लागलेली मी खूपदा पाहिली, पाठ टेकून झोपलेली क्वचितच.

नव्वद सालाच्या आगेमागे ठाण्याहून एक समाजसेविका आमच्या वस्तीत येऊ लागल्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. अपंग माणसांना वस्तीच्या रोजच्या जगण्यात सामावून कसं घ्यायचं, यावर लोकांनी एकत्र बसून बोलावं, अशी त्यांची कल्पना. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीने महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर जागा दिली. पहिल्या बैठकीला विहार भरला होता. नगरसेवक आले, बोलले, हार घेऊन गेले. समितीच्या सेक्रेटरींनी "समाजाने आपलं कर्तव्य ओळखलं पाहिजे" असं भाषण केलं. टाळ्या झाल्या, चहा झाला. आई एकटी गेली नसती म्हणून मी सोबत गेले होते. आमच्या दोघींच्या मधे धाकटी, तिचा हात आईच्या हातात घट्ट.

दुसऱ्या बैठकीपासून माणसं कमी झाली, पण बोलणं बरं होऊ लागलं. नाक्यावर एसटीडी बूथ चालवणारा एक जण यायचा. दोन्ही पाय पोलिओने गेलेले. विहाराच्या पायऱ्या तो बसून, हातांवर भार देत चढायचा. त्याने सरळ सांगितलं, "मला सामावून घ्यायच्या आधी मला आत तरी येऊ द्या." बऱ्याच महिन्यांनी पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार झाला. मग त्यावर पोरं घसरगुंडी खेळायची आणि सेक्रेटरी आपली स्कूटर लावायचे. बूथवाला दर बैठकीला आधी स्कूटर हलवायला सांगायचा आणि मग वर यायचा. आधी तो हे हसत सांगायचा, पुढे त्याला हसू येईनासं झालं.

आई कधी बोलत नसे. एका रविवारी मॅडम तिच्यासमोर येऊन खाली बसल्या.

"मावशी, तुम्ही दर वेळी येता. तुम्हाला काय हवंय, ते सांगाच आज."

"काय न्हाय," आई म्हणाली.

मॅडम उठल्या नाहीत. मग आई खाली बघत म्हणाली, "मला दुपारचं झोपायचं हाय."

मागे कोणीतरी हसलं. मॅडमनी विचारलं, "रोज?"

"रोज कशाला? आठवड्यातनं एकदा. कोनी हिला घरी नेऊन बसवलं तर."

मला वाटलं, आता आईला रडू येईल. तसं काही झालं नाही. मागायचं ते मागून झाल्यासारखी ती धाकटीच्या फ्रॉकची मागची बटणं लावत बसली.

मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं. "कोणाच्या घरी बसू शकेल ही, एक दुपार?"

एक जण म्हणाला की अशा मुलांसाठी सरकारनेच शाळा काढायला हवी. दुसरा म्हणाला, आपण अर्ज करू, सगळ्यांच्या सह्या घेऊ.

"अर्ज करू," बूथवाला म्हणाला, "पण मावशी झोपणार कधी?" लोक हसले. तो हसला नाही. "मी घेतली असती. पण वयात आलेली पोर, माझ्याकडे रस्त्यावरचे लोक फोनला येतात. मलाच बरं वाटणार नाही."

एवढं बोलल्यावर मात्र सेक्रेटरींच्या बायकोने "बुधवारी येऊ दे माझ्याकडे" म्हणून सांगितलं. आमच्याच चाळीतल्या एका काकू म्हणाल्या, "त्याच्या पुढच्या बुधवारी मी." शेवटी कोपऱ्यातून एक बाई बोलली. पलीकडच्या गल्लीत राहायची. तिचा नवरा उत्तर प्रदेशातून येऊन लूमवर कामाला लागलेला. तिच्या मुलाच्या पायाला पट्ट्यांचा बूट होता, म्हणून ती बैठकीला यायची. मराठी तिला कळायचं, बोलायची हिंदीच. "मेरे पास भेज दो, अम्मा. मेरे यहाँ वैसे भी बच्चे चिल्लाते रहते हैं. एक और सही."

पहिल्या बुधवारी मी शाळेतून आले तर आईचे डोळे तांबडे होते.

"झोपलीस का?"

"कुठं? आडवी झाले, तर सारखं वाटायचं, पदर ओढतंय कोनी. उठून बघून आले दोनदा."

दुसऱ्या खेपेला मात्र ती झोपली. इतकी गाढ, की बाबा उठले तरी तिला कळलं नाही. बाबांनी स्वतः चहा केला. मी घरी आले तेव्हा ते ओट्यावर बसून कपबशी हातात घेऊन होते आणि मला खुणेने सांगत होते, हळू. बाबांना स्टोव्ह पेटवता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

असं काही महिने चाललं. मग एकेक गळायला लागलं.

सेक्रेटरींच्या घरी असताना धाकटीला मासिक पाळी आली. तिला ते कळायचं नाही. त्यांच्या नव्या गोधडीला डाग पडला. बाई काही बोलल्या नाहीत. आईने गोधडी घरी आणली, धुतली, वाळवून घडी घालून परत नेली. पुढच्या वेळी धाकटीला घेऊन आई दारात गेली तर "आज पाहुणे यायचेत" म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वेळीही पाहुणेच होते. आईने मग जाणं बंद केलं. मी चिडले तर म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? मला तरी सोसतं का दर महिन्याला?"

चाळीतल्या काकू निदान घरी येऊन बोलल्या. त्यांच्या मुलीला स्थळं येत होती. "वहिनी, राग मानू नका. बघायला आलेली माणसं विचारतात, ही घरातलीच का? लग्न ठरेपर्यंत थांबू या." आई म्हणाली, "खरं हाय." लग्न ठरलं, झालं. आम्ही गेलो, धाकटी दोनदा बुंदी मागून जेवली. काकूंनीच तिला वाढलं. बुधवारचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. आईनेही नाही.

पुढच्या बैठकीत मॅडमनी विचारलं, "मावशींचं कसं चाललंय?" काकू समोरच होत्या, पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा दोरा ओढत. मी तोंड उघडणार, तर आईने माझा हात दाबला.

"चाललंय," ती म्हणाली.

वाटेत मी विचारलं, का नाही बोलू दिलंस?

"सकाळी पानी भरायला त्यांच्याच नळावर जायचं हाय," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

राहिली ती पलीकडच्या गल्लीतली बाई. तिच्या खोलीत आधीच माणसं मावत नव्हती. नवऱ्याबरोबर कारखान्यातून रिकाम्या कांड्यांचं पोतं यायचं. लूमवर सूत गुंडाळायच्या त्या लाकडी कांड्या. त्यांवर उरलेलं सूत काढून टाकायचं, रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या. ते तिने धाकटीला शिकवलं. धाकटी लाल आणि गुलाबी एकात घालायची. बाई ओरडायची, "फिर मिला दिया? अब अलग कर." आपल्या पोरांवर ओरडायची तसंच, त्याच आवाजात. धाकटी घरी येऊन आम्हाला तस्संच ओरडून दाखवायची. त्या घरीही तिची पाळी आलीच असेल. आईला कधी काही धुवायला आणावं लागलं नाही, म्हणून एकदा तिने विचारलं, तर बाई म्हणाली, "छोड़ो अम्मा, औरत का घर है."

मग मंदी आली. कारखान्यात आधी एक शिफ्ट बंद झाली, नंतर मालकाने लूमच विकले. एके दिवशी बाई स्वतः धाकटीला सोडायला आली. दारात उभ्या उभ्या म्हणाली, "अम्मा, हम लोग जा रहे हैं गाँव." आईने तिला आत बसवलं, खायला दिलं. ते गेल्यावरही बुधवार आला की धाकटी त्या गल्लीत जाऊन कुलूप लावलेल्या दारापुढे बसायची. आई तिला उठवून आणायची. बरेच दिवस तसं चाललं, मग तिला त्या दाराचा विसर पडला.

बैठकाही ओसरत गेल्या. शेवटच्या बैठकीला आम्ही तिघी, बूथवाला, एक आंधळे आजोबा आणि मॅडम. त्यांच्या संस्थेने काम दुसऱ्या तालुक्यात हलवलं होतं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. आभार मानायला तसं कोणी नव्हतंच. मी त्यांना रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला गेले. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, सेफ्टी पिन लावून चालत होत्या. मी त्यांना इतकं दमलेलं कधी पाहिलं नव्हतं, किंवा तोवर नीट बघितलंच नव्हतं.

"मावशींना दुपार मिळाली का हो शेवटी?" त्यांनी विचारलं.

"काही दिवस मिळाली."

"काही दिवस," त्या म्हणाल्या. शेअर रिक्षा भरत आली होती. त्या मागच्या सीटवर कडेला कशाबशा बसल्या आणि गेल्या.

बाबा निवृत्त झाले आणि दिवसाची शांतता पाळायची गरज संपली. पण तोवर आईला दम लागायला लागला होता आणि आडवं झालं की जास्तच लागायचा. रात्री पदर बांधायचं काम माझ्याकडे आलं. साडी मला शाळेतच पुरे व्हायची, घरी मी गाऊन घालायची, म्हणून मी ओढणी बांधायची. सकाळी वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना डोळे मिटायचे.

रविवारी विहारात जायचं मात्र धाकटीने सोडलं नाही. विहाराची झाडलोट एक म्हातारी करायची, तोंडाने फार फटकळ. बैठका चालू होत्या तेव्हा ती कधी येऊन बसली नव्हती. "बसून बोलायला मला येळ न्हाय," म्हणायची. तिनेच कधीतरी धाकटीला सतरंज्या टाकायला लावल्या. धाकटी त्या आपल्या मनाने टाकायची, आणि टाकल्या की त्यांवर कोणाला पाय ठेवू द्यायची नाही. लोक आधी हसले, मग वळसा घालून जाऊ लागले.

एका रविवारी आई विहारातून परत आली ती दारातच बसली, दम खात. मग म्हणाली, "आज म्हातारी भांडली हिच्याशी. सतरंज्या वाकड्या टाकल्या म्हनून. लई बोलली."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी कशाला बोलू? हिनंच तिला सुनावलं. 'फिर मिला दिया' म्हनाली. म्हातारीला काय कळतंय. मग दोघी फुगून बसल्या वंदनेला."

आईच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी दिसलं. मी तेव्हा फार विचार केला नाही, कपडे भिजवायचे होते. पण नंतर वाटत राहिलं की धाकटीशी बाहेरचं माणूस असं बरोबरीने भांडलं, ते फार दिवसांनी. बाकी सगळे तिच्याशी गोड बोलायचे आणि लवकर निघून जायचे.

पुढच्या रविवारी धाकटी जाईना. भिंतीकडे तोंड करून बसली. वंदनेची वेळ झाली तशी म्हातारीच काठी टेकत आमच्या दारात आली. आत आली नाही.

"कुठं हाय ती?" तिने विचारलं. "माझी कंबर धरलीय. सतरंज्या कोन टाकनार?"

धाकटी लगेच उठली. तिचे केस तसेच होते, विंचरायचे राहिले होते. मी "थांब" म्हणेपर्यंत ती बाहेर पडलीसुद्धा. म्हातारी पुढे आणि धाकटी मागे, अशा त्या गल्लीतून गेल्या, म्हातारी काहीतरी बडबडत होती. मी फणी ठेवून दिली आणि मोरीत राहिलेली भांडी घासायला घेतली.