तळ सेत्तिमिओचे, अपर झेलिंदाचे

झेलिंदा लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तिच्याबरोबर एक शिवणयंत्र, दोन चादरी आणि कातड्याच्या तुकड्यांनी गच्च भरलेलं एक पोतं आलं. चादरी दोनच आल्या म्हणून तिची सासू आर्जिया आणि आई क्विंता यांचं चर्चच्या पायरीवरच वाजलं, आणि त्या दिवसापासून दोघी विहिणी एकमेकींचं तोंड बघेनाशा झाल्या. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आमचं गाव बुटांचं. डोंगरमाथ्यावर घरं, खाली समुद्राची निळी रेघ, आणि प्रत्येक खिडकीतून हातोडीची टकटक. फेर्मोच्या बाजारापासून थेट रोमपर्यंत आमचे बूट जात. पण अख्खा बूट करता येईल असा माणूस गावात औषधालाही सापडला नसता. पुरुष तळ करत आणि बायका घरी यंत्रावर वरचा भाग, म्हणजे अपर शिवत. तळाच्या माणसाने अपरला हात लावायचा नाही, अपरच्या बाईने तळाबद्दल तोंड उघडायचं नाही, अशी रीतच होती. लग्न झालं की घरात एक बूट पुरा होई, असं आम्ही हसून म्हणायचो.

युद्ध नुकतंच संपलेलं. तळाचं जाड कातडं दुर्मीळ, पण अपर कापून उरलेले तुकडे शिवणारणीचे, असा रिवाज. त्यामुळे झेलिंदाकडे रंगीबेरंगी तुकड्यांचा ढीग आणि पायात घालायला मात्र धोबीघाटावरच्या लाकडी खडावा. सेत्तिमिओने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लग्नाची भेट म्हणून तिला एक जोडी तळ करून दिले. नुसते तळ! चांगले दुहेरी कातड्याचे, टाचेला खिळे मारलेले. वरचं तुझं तू बघ, म्हणाला.

झेलिंदाने रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि एक दिवस त्याच्याकडून तळाच्या कडेला बारीक पितळी कड्या बसवून घेतल्या. मग तुकड्यांतून अपर शिवले आणि त्यांच्या काठाला आकडे लावले. आकडे कड्यांत अडकवले की बूट तयार, काढले की नुसता तळ. सणाला लाल अपर, बाजाराला तपकिरी, रविवारी चर्चमधल्या मिस्सेला आणि मर्तिकाला काळे. तळ दारामागच्या खिळ्याला, अपर अंगणात दोरीवर, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. म्हातारपणीसुद्धा तिच्या दोरीवर अपरांची रांग असे, आणि पोरीबाळी त्यातले रंग निवडायला येत. पण तेव्हा सगळ्या हसल्या.

"काय गं झेलिंदा," शेजारची पाल्मिरा कुंपणावरून विचारी, "आज पायांना कुठला झगा घातलास?"

"तुझ्या पायांना एकच आहे, त्याची काळजी कर," झेलिंदा म्हणे.

सासूचं मात्र काही हसणंबिसणं नव्हतं. "ही चप्पल म्हणायची की बाहुलीचे कपडे? आमच्या वेळी बूट बूट असायचा!" हे ती अंथरुणातून ओरडून सांगे. कारण आर्जियाचे पाय गेले होते. म्हणजे असं झालं, की नवरा वारला तेव्हा कबरीपाशी सगळ्या गावासमोर तिने छाती पिटून शपथ घेतली, "आजपासून माझं पाऊल माझ्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडणार नाही!" लोक रडले. घरी येऊन ती अंथरुणावर पडली ती पडलीच. चार वर्षं झेलिंदा तिला भरवत होती, तिचे पाय धूत होती, भांडं उचलत होती आणि वर बोलणी खात होती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका रविवारी मिस्सेनंतर सेत्तिमिओने नेहमीप्रमाणे चरबी चोळायला बायकोचे तळ हातात घेतले आणि त्याचा हात थांबला.

सेत्तिमिओला तळ वाचता येत. लोकांना चेहरे कळतात तसे त्याला तळ कळत. तळ बघून तो सांगे की याचा गुडघा दुखतो, हा कर्ज बुडवणारा आहे, भराभर निघून जायची सवय दिसते. दुकानात हा खेळ बघायला लोक जमत.

"तू कुठे जातेस?" त्याने विचारलं.

"मी? मिस्सेला. आणि शिवलेले अपर पोचवायला. का?"

"डाव्या टाचेची बाहेरची कड घासलीय. फरसबंदीवर चालून अशी घासत नाही. ही उताराची वाट आहे." त्याने नखाने शिवणीतून काहीतरी खरवडलं आणि तिच्यापुढे धरलं. निळसर चिकणमाती. ती आमच्याकडे एकाच ठिकाणी आहे, खाली ओढ्याकाठी, पाणचक्कीच्या पायवाटेवर. आणि पाणचक्कीत राहायचा एक तरणाबांड बाजा वाजवणारा, ज्याच्याबद्दल गावात पुष्कळ बोललं जाई.

झेलिंदा हबकली. "मी ओढ्याकडे लग्नाआधी गेले असेन तेवढीच! तू घरात नसतोस तो एकच सोमवार, आणि तेव्हा मी दिवसभर घाटावर धुणं धुते, खडावा घालून. पाल्मिराला विचार!"

"पाल्मिराला काय विचारू? तळ सांगतोय ना."

"तळ सांगतोय! आणि मी काय सांगतेय ते?"

"माणूस खोटं बोलतो. तळ बोलत नाही." त्याने तळ खिळ्याला टांगले. आवाज चढवला नाही, हेच तिला जास्त लागलं. "उद्या तुझ्या आईकडे जा. तुझं यंत्र घे, तुझे अपर घे. तळ माझे आहेत, ते राहतील इथेच."

आतल्या खोलीतून एवढा वेळ आर्जियाचा कण्हण्याचा आवाज येत होता, तो एकाएकी बंद पडला.

आता विचार करा त्या पोरीचा. माहेरी परत पाठवलेली बाई म्हणजे आमच्याकडे गावभर चघळायला झालेला विषय. उद्या तिला कुणी शिवायला अपरसुद्धा दिले नसते. ती सुन्न होऊन अंगणात गेली आणि दोरीवरचे अपर काढायला लागली. लाल काढले. तपकिरी काढले. काळे काढता काढता तिची बोटं थबकली.

उजव्या अपरला अंगठ्याच्या मुळाशी फुगवटा आला होता. आतून काहीतरी रेटून रेटून कातडं ताणलं गेलं होतं, शिवणीचे टाके तिरके झाले होते. झेलिंदाचे पाय सरळ, लांबट. तिच्या पायाला असा उंचवटा नव्हता. पण अंगठ्यापाशी हाड वाढलेला पाय तिला चांगला माहीत होता. चार वर्षं ती तो रोज धूत होती.

छे, भलतंच! जी बाई भांड्यावर बसताना दोन माणसं मागते, ती? पण मग आठवलं. अलीकडे त्या टाचा लोण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. खरखरीत झाल्या होत्या. म्हातारपण असेल, असं ती समजली होती.

कुणाला सांगणार? सेत्तिमिओने आयुष्यात अपरकडे बघितलं नव्हतं. आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूवर असला आरोप करणारी सून म्हणजे तर बघायलाच नको! तिने काही न बोलता काळे अपर पुन्हा दोरीवर टांगले.

सोमवार आमच्या चांभारांच्या सुट्टीचा. सेत्तिमिओ सकाळीच चौकात गोळ्यांचा खेळ खेळायला निघून गेला. झेलिंदाने हातगाडीवर यंत्र चढवलं, सासूला सार नेऊन दिलं आणि म्हणाली, "आई, मी माहेरी चालले."

आर्जियाने भिंतीकडे तोंड केलं होतं. "सांभाळून जा," ती म्हणाली. चार वर्षांत तिने सुनेला एवढं गोड कधी म्हटलं नव्हतं.

क्विंताचं घर समोरच्या टेकडीवर. ओढ्याच्या पायवाटेने उतरून चढलं की आलंच, पण गाडी घेऊन जायचं तर डांबरी रस्त्याने मोठा वळसा. झेलिंदा खडावा वाजवत गाडी ढकलत राहिली. पाल्मिरा आडवी आली, यंत्राकडे बघून तिच्या तोंडाचा आ झाला. माहेरी पोचेपर्यंत झेलिंदाने आईला काय सांगायचं ते सगळं मनात जुळवून ठेवलं. मग दार लोटलं.

स्वयंपाकघरात टेबलाच्या एका बाजूला तिची आई. दुसऱ्या बाजूला सासू. मधे वाइनचा पेला, बडीशेप घातलेल्या बिस्किटांची परडी, आणि दोघींच्या हातात ब्रिस्कोलाचे पत्ते.

दोघी विहिणी! ज्या एकमेकींचं नावसुद्धा थुंकल्यासारखं घेत!

"अगं बाई," क्विंता म्हणाली, "तू इतक्यात कशी आलीस?"

झेलिंदा दाराला टेकली. तिने खाली बघितलं. सासूच्या पायात काळे अपर, आणि अपरांखाली सेत्तिमिओचे तळ, निळसर चिखलाने माखलेले.

"सूनबाई, मी तुझ्याचसाठी आले हं," आर्जिया घाईघाईने म्हणाली. "काल ऐकलं ना मी सगळं! म्हटलं विहीणबाईंना विचारावं काय करायचं. आम्हाला काही सुचेना, म्हणून म्हटलं जरा डाव मांडू."

"दर सोमवारी सुचत नव्हतं का?"

"आता काय सांगू! चार वर्षं भिंतीकडे बघून माणूस वेडं होतं गं. एक दिवस उठून बघितलं, तर पाय चालत होते. मलाच केवढा धक्का बसला! मग वाटलं, चादरींचं भांडण तरी पुरं करून यावं, अर्धं राहिलं होतं. इथे आले, भांडले, आणि हिने पत्ते काढले."

"पत्त्यांत लबाडी करते, पण सोबत चांगली आहे," क्विंता म्हणाली.

"आई!" झेलिंदा किंचाळली. कुठल्या आईला, ते तिलाही कळलं नाही. "मला घरातून काढलंय! चला आत्ताच्या आत्ता आणि लेकाला सांगा!"

आर्जियाचा चेहरा पडला. "तेवढं नको गं. कबरीवर शपथ घेतलीय मी, सगळ्या गावाने ऐकलीय. लोक तोंडात शेण घालतील. आणि खरं बघशील तर शपथ मी मोडलीच नाही. उंबऱ्याबाहेर जमिनीला लागले ते तळ. तळ कुणाचे? तुझे. माझे पाय वरच्या वर होते."

झेलिंदा हळूच खाली बसली, सासूचा पाय मांडीवर घेतला, जसा ती रोज धुवायला घेत असे, आणि एकेक आकडा कडीतून सोडवायला लागली. आर्जियाला वाटलं, सून समजूतदार आहे, पाय चेपते आहे. दोन्ही तळ निघाले. झेलिंदाने ते फडक्याने पुसले, गाठोड्यातले लाल अपर काढून त्यांना लावले, स्वतःच्या पायात चढवले आणि उठली.

"तळ सेत्तिमिओचे आहेत. त्याला देऊन येते. काळे अपर तुमच्याकडे राहू देत. आता जा चालत."

आर्जियाने खाली बघितलं. पायाभोवती काळं कातडं, आणि खाली आपलीच उघडी टाच.

झेलिंदा ओढ्याच्या वाटेने थेट चौकात आली. सणाचे लाल अपर, साधा सोमवार. गोळा फेकायला वाकलेले लोक तसेच वाकलेले राहिले.

"तुझे तळ गेले होते," ती नवऱ्याला म्हणाली. "मी आणलेत."

"गेले होते? कुठे?"

"पायांत."

"कुणाच्या?"

"चल आणि बघ."

क्विंताच्या स्वयंपाकघरात सेत्तिमिओ आला तेव्हा आर्जिया पाय स्टुलावर ठेवून बसली होती. त्याने आईच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्याची नजर गेली तिच्या तळपायांवर. डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला घट्टा. अगदी तिथेच, तसाच. त्याने त्या घट्ट्यावरून बोट फिरवलं.

"आई... पाय गेले होते ना तुझे?"

"गेले होते रे. मग आले."

यंत्र उतरवून त्याच हातगाडीवर त्याने आईला घातलं आणि घरी नेलं. गाव दोन्ही बाजूंना गोळा झालं होतं. काही बायकांनी चमत्कार म्हणून क्रूस काढला. आर्जिया गाडीत ताठ बसून बिशपसारखा हात हलवत ओरडत होती, "बघा नीट! पाऊल खाली पडलं का माझं?"

झेलिंदा मात्र गेली नाही. तळ तिने काढून त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "तुझे आहेत."

पुढच्या रविवारी तो आला. दारातच थबकला, कारण आत तिघी पत्ते खेळत होत्या आणि त्याची आई पुन्हा तिथेच होती. जुने तळ तो तिला देऊन बसला होता, तेच तिच्या पायात होते, आणि आता ती राजरोस उजेडात, मुख्य रस्त्याने चालत आली होती. सेत्तिमिओने काखेतली नवी जोडी टेबलावर ठेवली. दुहेरी कातडं, पितळी कड्या.

"हे माझे नाहीत," तो म्हणाला. "तुझे."

झेलिंदाने तळ उलटेसुलटे करून बघितले. तळाबद्दल बोलायचं नाही ही रीत होती, तरी म्हणाली, "डावीकडची कडी जरा सैल आहे."

"करतो घट्ट."

तिने लाल अपर अडकवले आणि निघाली. ओढ्याच्याच वाटेने. गाडी तिथून जाणार नव्हती, म्हणून यंत्र त्याने पाठीवर घेतलं होतं. रात्री पाऊस होऊन गेलेला, माती लोण्यासारखी. थोडं चालल्यावर झेलिंदाला मागची पावलं ऐकू येईनात. तिने वळून बघितलं. यंत्राच्या ओझ्याखाली सेत्तिमिओ वाकून निळसर चिखलात उमटलेले ठसे बघत होता. तिचे. टाचा सपाट, सारख्या, आणि पुढची टोकं किंचित आत वळलेली.

"काय झालं?"

"तू पाय आत टाकून चालतेस," तो म्हणाला. अख्ख्या गावाचे तळ वाचले, बायकोचे मात्र कधी वाचलेच नाहीत, हे कळून त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"लहानपणापासून," झेलिंदा म्हणाली. "चल, यंत्र भिजेल."