खोट्या सशाचा ड्रायव्हर

गावाहून फोन आला आणि कुणी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करतोस, की मी सरळ सांगतो, कुत्री पळवतो. पलीकडून बायको फोन काढून घेते. तिने आळीत सांगून ठेवलंय की नवरा ओमानमधल्या दुक्मला मोठ्या वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे. ते खोटं नाही. फक्त शुक्रवारची मशीन कसली, हे तिला चारचौघांत सांगवत नाही.

आमचा अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचा ओमानी मालक, सलूकी पाळतो. सलूकी म्हणजे वाळवंटातलं शिकारी कुत्रं. लांब तोंड, कानांवर मऊ केस आणि बरगड्या अशा दिसतात की नवख्या माणसाला वाटावं, याला कुणी खायला घालतं की नाही. वास घेत बसणं त्याच्या रक्तातच नाही. ते डोळ्यांनी पाहतं आणि सुटतं. अर्बाबचे वडील सलूकींकडून खरे ससे पकडून घेत. आता शिकारीला बंदी आहे, म्हणून हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी गावाबाहेरच्या सपाट माळावर खोटा ससा पळतो आणि तो मी पळवतो.

ससा म्हणजे पांढऱ्या पिशव्यांच्या झिरमिळ्या आणि बकरीच्या कातड्याचा तुकडा. त्याला बांधलेली नायलॉनची लांबलचक दोरी जमिनीत खुंट्यांवर ठोकलेल्या कप्प्यांमधून वळणं घेत माझ्यापर्यंत येते. माझ्यापुढे गाडीच्या जुन्या स्टार्टरची मोटर, बॅटरी आणि दोरीचं रीळ. बटण दाबलं की रीळ दोरी गुंडाळतं, ससा उड्या मारत येतो आणि मागून दोन सलूकी. बटण सोडलं की सगळं थांबतं. पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता.

अर्बाबने हे काम मला दिलं, कारण मी त्याला एकदा बढाई मारून सांगितलं होतं की रत्नागिरीकडच्या आमच्या बंदरात मी अठरा वर्षं ट्रॉलरच्या विंचवर काढली आहेत. जाळं ओढायचं ते यंत्र माझ्या हाताखाली होतं. दोरीची भाषा मला शिकवायला नको, असंही मी म्हटलं असणार. माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता. अर्बाब हसला आणि शिकवायचं ते शिकवलंच. सशाकडे बघायचं नाही, कुत्र्यांकडे बघायचं. त्यांच्यापुढे वीसेक पावलं ठेवायची. कमी ठेवली तर ती भर वेगात सशावर कोसळून मान मोडून घेतात, जास्त ठेवली तर ससा दिसेनासा होतो आणि ती रुसतात. वळणावर वेग कमी. पळत्या दोरीला कुणी हात लावायचा नाही, वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. ती दोरी सुरीसारखी कापते. हे ऐकून मी मनात म्हटलं, बाबा रे, हे मला बोटीवरच्या तांडेलाने मिसरूड फुटायच्या आधी शिकवलंय.

लांबच्या वळणावर लाल फडकं घेऊन चाचा उभे राहायचे. चाचा आमचे फोरमन, आमच्याच गावच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी फडकं हलवलं की मी बटण सोडायचं. ते माळावर येत ते खरं तर अर्बाबच्या घरच्या न्याहारीसाठी. कुत्र्यांपासून चार हात लांब. त्यांच्याकडे कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवावं लागतं, त्यातलं एकदा मातीने. म्हणून मीच त्यांना तिकडे उभं केलं होतं. त्या वळणावर कुत्री वाऱ्यासारखी निघून जातात, कुणाला चाटायला थांबत नाहीत.

कुत्री घेऊन येणाऱ्यांत एक म्हातारा बेदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळीतला माणूस होता. बाकीच्यांकडे चार-चार, पाच-पाच सलूकी. त्याच्याकडे एकच मादी, फिक्या पिवळ्या रंगाची. तिची आई, तिची आजी, सगळ्या त्याच्याच घरातल्या. तिची पिल्लं जगली नव्हती आणि त्या वंशातली आता ती एकटीच उरली होती. तो तिला कुत्री म्हणत नसे, मुलगी म्हणे. पिकअपमध्ये ती पुढच्या सीटवर बसायची आणि खिडकीतून आमच्याकडे असं बघायची की आपणच नीट कपडे घातलेत ना, हे तपासावंसं वाटे.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. म्हाताऱ्याची मादी आणि अर्बाबचा एक नर, अशी जोडी सोडली होती. पहिलं वळण झकास झालं. दुसऱ्यावर, चाचांच्या पुढ्यात, कप्पीची खुंटी खडीतून उपटून आली. दोरी कप्पीतून सुटली, तिचं वळण मोडलं आणि सगळा ताण गेला. दोरी माळावर ढिली पडली, ससा जागच्या जागी थांबला. नर सशावर झेपावला. मादी वेगात होती, ती पुढे गेली, गर्रकन वळली आणि त्या ढिल्या दोरीत शिरली.

अशा वेळी एकच करायचं. बटण सोडायचं. मला ते पाठ होतं. पण ट्रॉलरवर दोर ढिला पडला तर तो पंख्यात जातो आणि भर समुद्रात सगळ्यांच्या जिवाशी येतं. म्हणून ढिला दोर दिसला की विंचवाल्याने क्षणाचाही विचार न करता तो ओढून घ्यायचा. अठरा वर्षं मी तेच केलं होतं. माझ्या हाताने बटण सोडलं नाही. आणखी जोरात दाबलं.

एखादाच सेकंद असेल. दोरीचा फास तिच्या मागच्या पायावर आवळला. ती जी ओरडली ते मला इथे लिहिता येणार नाही. मी हात काढला, मोटर थांबली, पण रीळ उलटं फिरत नाही, ताण तसाच राहिला आणि ती जितकी धडपडत होती तितकी दोरी आत रुतत होती.

चाचांनी फडकं टाकलं आणि सरळ तिच्यावर अंग टाकलं. एका हाताने तिला छातीशी दाबून धरलं, दुसऱ्या हाताला दोरीचा वेढा घेऊन ती आपल्याकडे ओढली, पायावरचा ताण कमी व्हावा म्हणून. मी धावत सुटलो होतो. "सिक्कीन! सिक्कीन!" चाचा अरबीतून सुरी मागत होते. म्हातारा माझ्याआधी पोचला, त्याने सुरी काढली आणि दोरी कापली. मी पोचलो तेव्हा चाचांच्या तळहातातून रक्त येत होतं आणि मादी त्यांच्या दाढीत तोंड खुपसून थरथरत होती. तोंडावर, मानेवर, सदऱ्यावर सगळीकडे लाळ. 

"बघतंस काय? गाडी आण!" चाचा माझ्यावर खेकसले.

उंटांचा डॉक्टर तासाभराच्या रस्त्यावर होता. त्याने टाके घातले. शीर पूर्ण तुटली नव्हती, चिरली होती. म्हाताऱ्याने एकच विचारलं, ही पुन्हा पळेल का? डॉक्टर म्हणाला, इन्शाल्ला. वर्कशॉपमध्ये इन्शाल्ला ऐकलं की मी ओळखतो, स्पेअर पार्ट येणार नाही. म्हाताऱ्यानेही ते तसंच ऐकलं असावं. तो भिंतीकडे बघत राहिला.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी चाचा धुवायला बसले. म्हातारा आला, तांब्या त्याने स्वतःच्या हातात घेतला आणि मोजून सात वेळा त्यांच्या हातांवर, तोंडावर पाणी ओतलं. एकदा स्वच्छ माती चोळायला दिली. त्याच्या लोकांत सलूकीची लाळ विटाळ धरत नाहीत, हे मला अर्बाबने मागे सांगितलं होतं. पण म्हाताऱ्याने तसं अवाक्षर काढलं नाही.

सगळे म्हणत होते, खुंटी वाईट. अर्बाबही म्हणाला, खलास, खुंटी होती, तुझा काय दोष. माझं बोट कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर विषय तिथेच मिटला असता. खरं सांगतो, अर्धा तास मी गप्प बसलोही. मग म्हातारा मादीला उचलून गाडीत ठेवत होता तेव्हा मी मोडक्यातोडक्या हिंदी-अरबीत त्याला सांगितलं, खुंटी निघाली हे खरं, पण फास मी आवळला. माझ्या हाताने बटण दाबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो गाडीत बसून निघून गेला आणि सहा शुक्रवार आला नाही.

मी अर्बाबला म्हटलं, दुसरा माणूस बघ. दुसरा मिळायच्या आत चाचांनी मला धरलं. हाताला पट्टी बांधलेले चाचा मला रोज काम सुटल्यावर माळावर न्यायला लागले. कुत्री नाहीत, फक्त मशीन, दोरी आणि आम्ही दोघं. ते दूर जाऊन न सांगता दोरी कप्पीतून सोडायचे. ढिली झाली की मी बटण सोडून दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. नुसतं सोडून चालत नाही, म्हणाले, तुझ्या हाताचा भरवसा नाही, तो डोक्यावर दिसला पाहिजे. पहिल्या दिवशी मी पाच वेळा ओढली. चाचांनी ज्या शिव्या दिल्या त्या अस्सल आमच्या खाडीच्या होत्या, आणि घरापासून इतक्या लांब त्या ऐकून, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी एकदाही ओढली नाही. शिवाय ससा आणि दोरी यांच्यामध्ये आम्ही कच्च्या सुताचा तुकडा जोडला, जास्त ताण आला तर दोरीआधी तो तुटावा म्हणून. खुंट्या दुप्पट लांब केल्या.

पुढच्या शुक्रवारी मी मशीनवर बसलो. मधेच एकदा दोरी कप्पीवरून निसटून ढिली पडली आणि मी हात डोक्यावर ठेवले. माळावरचे सगळे ओमानी पोट धरून हसले. त्यांना वाटलं, पोलीस आले. हसू देत. त्या वळणावरच्या माणसाचे उपकार माझ्या कातड्याचे जोडे केले तरी फिटायचे नाहीत.

सातव्या शुक्रवारी म्हाताऱ्याची पिकअप आली. पुढच्या सीटवरून मादी खाली उतरली. पायावर केस नसलेला पट्टा दिसत होता. चालताना ती किंचित तो पाय जपत होती, पण ससा बांधताना पाहिल्यावर ती तिथल्या तिथे नाचायला लागली. डॉक्टरने परवानगी दिलीय, अर्बाब म्हणाला, छोटी दौड, एकटीने, सरळ रेषेत. मी मशीनवरून उठलो आणि अर्बाबला बटणाकडे बोलावलं. आज तू चालव, म्हटलं.

म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुम चलाओ," तो म्हणाला. "दूसरा आदमी होगा तो मैं मशीन देखेगा. तुम है तो मैं बेटी को देखेगा."

 मी बसलो. बोट बटणावर ठेवलं आणि त्याने तिचा पट्टा सोडला. यल्ला, म्हणजे चला, असं कुणीतरी ओरडलं. मी ससा हळू काढला, वीस पावलं, तिच्या पायाकडे बघत. दहा-बारा ढांगांपर्यंत ती तो पाय अलगद टेकत होती. मग विसरली. पाठ कमानीसारखी वाकली, चारही पाय जमिनीवरून सुटले आणि ती पळाली.

म्हातारा माझ्यापासून तीन हातांवर, मशीनकडे पाठ करून उभा होता. दौड संपेपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.