बंद जिमच्या रजिस्टरातल्या सह्या

बायको जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पडवीत चिंचा फोडत बसलो होतो. टरफलं मी काढायची, चिंचोके तिनं. हात चालू, तोंडही चालू. मध्येच तिनं विचारलं, "अहो, त्या जिमच्या केसमधी सह्या तर खऱ्याच निघाल्या व्हत्या. मग खोटं तुमास्नी कळलं कसं?"

"अनुभव असतोय," मी म्हणालो.

"कसला अनुभव?"

मी टोपली पुढं ओढली आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, एवढंच. तिला द्यायचं उत्तर माझ्याकडंच राहिलं. म्हणून लिहायला बसलोय. मी मॅट्रिक नापास, पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि एएसआय होऊन कर्नाटकातल्या निपाणी भागातनं रिटायर झालो. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. नावं कुणाची घालत नाही.

कोरोनाची दुसरी खेप ओसरली होती. एक दिवस विडी वळणारी एक आक्का पोरीला घेऊन स्टेशनला आली. पोरगीही विड्याच वळायची, पण तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. अंग कमवायला जिम लावली होती. सरकारनं जिम बंद केल्या तरी फी दर महिन्याला खात्यातनं आपोआप कापून जात होती. बंद काळातली तेवढी फी परत पाहिजे होती. त्या पैशावर पोरगी बेळगावला मैदानाच्या तयारीला जाणार होती. पुढच्या वर्षी तिचं वय उलटत होतं, म्हणजे ही शेवटची संधी.

साहेब म्हणाले, "सिव्हिल मॅटर आहे. तरी मालकाला बोलवा, समज द्या." अर्ज माझ्याकडं आला.

मालक हसतच आला. बगलेत रजिस्टर. म्हणाला, "अण्णा, निपाणीची जिम बंद व्हती, पण माझी दुसरी शाखा हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात. ती त्या टायमाला उघडी व्हती. मेंबर तिकडं येऊन व्यायाम करून गेलेत. ह्या बघा सह्या."

पोरीच्या नावापुढं रोजच्या रोज सही. मी पोरीला विचारलं, "ही सही तुझी?"

तिनं वाकून सहीवर बोट ठेवलं. "व्हय. माझीच हाय. पर मी गेले न्हाय."

"सही तुझी आणि गेली न्हाईस? पोलिसाला शेंडी लावतीस व्हय गं?"

तिला पुढं बोलूच दिलं नाही. मी अर्जावर शेरा मारला: तक्रारीत तथ्य नाही. आक्का दारात थांबून म्हणाली, "पोरीला पोलीस करायची व्हती. तुमचं बघून वाटतंय, विड्याच वळलेल्या बऱ्या."

लागलं मला ते. पण त्याहून जास्त दुसरंच खटकलं. पोरगी खोटी असती, तर सही माझी नव्हे म्हणाली असती. चोर पहिलं तेच म्हणतो. ही सही कबूल करते आणि जाणं नाकारते. असली तऱ्हा मी नोकरीत पहिल्यांदाच बघत होतो.

आणखी एक गोष्ट होती. त्याच दिवसांत माझी ड्युटी राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर होती. महाराष्ट्रातनं येणाऱ्याला निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय आम्ही आत सोडत नव्हतो. रोज नाकात काडी घालून घेऊन दंड मारायला कोण जातंय? नाक्याची वही मागवली आणि दोन दिवस बसून पान न् पान बघितलं. पोरीचं नाव एकदाही नाही. आडवाटेनं गेली म्हणावं, तर आडवाटांवर आम्ही चर मारलेले.

म्हणजे सही खरी आणि पोरगी हद्द ओलांडून गेलेली नाही. दोन्ही खरं. मग हे जमलं कसं? जेवताना बायको म्हणाली, "आमटी कालची हाय का आजची तेबी सांगता येणार न्हाय तुमास्नी आज." खरंच सांगता आलं नसतं.

आता बायकोला जे सांगितलं नाही ते सांगतो.

गस्तीला गेलं की बँकेजवळ, सराफ कट्ट्यावर पॉइंट बुक टांगलेलं असतं. पोलिसानं रोज तिथं जायचं, सही करायची, वेळ टाकायची. कागदावर तसं. त्या सोमवारी मी सराफ कट्ट्यावर गेलो, वही काढली आणि नेहमीप्रमाणं शनिवारपर्यंतच्या सह्या एका दमात मारल्या. आम्ही सगळेच मारायचो. आठवड्याची कटकट मिटायची. पेन खिशाला लावताना माझ्याच सह्यांकडं लक्ष गेलं. शाई एकच, दाब एकच, आणि खाली खाली येताना हात कंटाळल्यागत सही बारीक होत गेलेली.

तसाच स्टेशनला आलो आणि जिमचं रजिस्टर उघडलं. पोरीची सही पानाच्या शेवटी निम्मी झाली होती. बाकीच्या मेंबरांच्याही तशाच. दोन महिने रोज वेगळ्या दिवशी केलेली सही अशी उतारावरनं घसरत येत नाही.

आक्काच्या घरी गेलो. दोघी सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. विचारलं, "पोरी, एका बसणीत किती सह्या केल्यास?"

"सगळ्या. जिमचा माणूस घरी आलता. बंद दिवस पुढं वाढवून द्यायचेत, सह्या करा म्हणाला. तारखेचा रकाना मोकळाच व्हता."

"आणि तू केल्यास? ईचारलं न्हाईस?"

"त्यात काय ईचारायचं? कारखान्यात हजेरीच्या सह्या आमी महिन्याच्या एकदमच करतो की. समद्याच बायका करत्यात."

तिच्या लेखी त्यात वावगं काहीच नव्हतं. मला तरी कुठं होतं?

मालकाला परत बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा दिला. "तिकडं येणाऱ्या मेंबरांचे रिपोर्ट कुठल्या लॅबचे रं?" तो म्हणाला, बघून सांगतो. नाक्याची वही पुढं ठेवली. पोरीचं नाव त्यात कुठंच नाही, हा माझा शेरा आणि सही दाखवली. मग रजिस्टरातल्या सह्यांवरनं बोट वरनं खाली फिरवलं. चहाचा कप त्यानं बशीत ठेवला. म्हणाला, "अण्णा, भाडं थकलं व्हतं हो. आणि असल्या सह्या कोण घेत न्हाय?"

मी रजिस्टर उचलून साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी फसवणुकीचं कलम काढून दाखवलं, तेव्हा त्यानं बंद काळातली फी सगळ्यांची परत केली. आक्का पैसे पदराला बांधून म्हणाली, "हे मिळालं. पर तुमी कागदावर माझ्या पोरीला खोटं पाडलंय. उद्या भरतीला तेच आडवं आलं तर?"

बरोबर होतं तिचं. मी माझा शेरा खोडला आणि नवा लिहिला: तक्रार खरी. सह्या एका बसणीत घेतलेल्या. चौकशीत पहिली चूक माझी. साहेब म्हणाले, "शेवटचं वाक्य कशाला?" मी म्हणालो, "राहू दे साहेब."

सही खरी असली म्हणजे गोष्ट खरी असं नाही, एवढं या केसनं शिकवलं. पण ते मला आधीपासनं ठाऊक असायला पाहिजे होतं, आणि तीच लाज बायकोपासनं लपवली. तिला सांगितलं असतं तर ती हसली असती, दुसरं काही झालं नसतं.

तो नवा शेरा लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सराफ कट्ट्यावर गेलो. दुकानं उघडायची होती. पॉइंट बुक काढलं, त्या दिवसापासनं शनिवारपर्यंतच्या माझ्या सह्या एकेक करून खोडल्या, आणि त्या दिवसाच्या ओळीवर तेवढी नवी सही केली. वेळ टाकली: सात वाजून दहा मिनिटं.