राजूरहून येणारे एक्स-रे

आई गेल्यापासून केडगावच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते. नोकरी नगरमधल्या एका एक्स-रे तपासणी केंद्रात आहे, सर्व्हर सांभाळण्याची. आजूबाजूच्या तालुक्यांतले छोटे दवाखाने एक्स-रेच्या फाईली आमच्या सर्व्हरवर पाठवतात, डॉक्टर त्या बघतात आणि अहवाल परत जातो. सर्व्हरची खोली गार आणि बंद. तिच्यात खुर्ची एकच आहे. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात, काही काम असलं तर मेसेज टाकतात.

रोज माणसाचा आवाज ऐकू यायचा तो राजूरहून. तिथल्या दवाखान्यात एक्स-रे काढणारी एक बाई होती. फाईल पाठवली की ती फोन करायची.

"ताई, पाठवलंय बगा. आलं का?"

मी बघून "आलं" म्हणायचे. फोन तिथंच संपायला हवा, पण संपायचा नाही. बाजाराला यंदा गर्दी न्हाई, सासूचे गुडघे लई दुखत्यात, असं काहीबाही ती सांगत राहायची. मग विचारायची, "तुमी काय खाल्लं?" असं मला विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. एकदा सकाळपासून नुसत्या चहावर होते, तरी पिठलं-भाकरी खाल्ली म्हणून सांगून टाकलं. तिला बरं वाटलं. मलाही वाटलं.

एका सकाळी कामावर आले तर फाईलींची नावं बदललेली. प्रत्येक नावापुढे भलतीच अक्षरं चिकटलेली, आणि एकही फाईल उघडेना. कोण कधी आत आलं याच्या नोंदी सर्व्हर ठेवतो, त्या पाहिल्या. कोणीतरी परक्यानं एकामागून एक पासवर्ड लावून पाहिले होते आणि राजूरच्या खात्याचा बरोबर लागला होता. दवाखान्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो बदलू या म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं. "राहू द्या, त्यांना सोपं पडतं," असं डॉक्टर म्हणायचे.

मी आधी नेटची केबल उपसली. मग धावत वर गेले.

"सगळं गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. सगळ्याची प्रत वेगळ्या डिस्कवर आहे. प्रत घेऊन झाली की ती डिस्क मी सर्व्हरपासून सोडवून ठेवते, म्हणून वाचली."

"मग कोणाला मदतीला बोलवायचं?"

"मीच करते," मी म्हणाले. बोलवायला कोण होतं तरी?

खाली आले तोवर राजूरचा फोन वाजत होता.

"ताई, आलं का?"

"आज काही पाठवू नका. इथं चोर शिरलाय."

"आगं बया! तुमाला काय केलं तर न्हाई ना?"

"तसा नाही हो. संगणकात शिरलाय."

"हितं एक आजी हाय. पडलीय. वरच्या पाड्यावरनं डोलीतनं आणलीय तिला."

मग मी भराभर कामाला लागले. सर्व्हर पूर्ण पुसला, नव्यानं उभा केला, डिस्कवरच्या फाईली परत भरल्या. पासवर्ड आता ठेवायचाच नाही असं ठरवलं. त्याऐवजी प्रत्येक दवाखान्याला किल्ल्यांची जोडी, म्हणजे संगणकानं बनवलेल्या अक्षरांच्या दोन लांबलचक माळा. एक किल्ली राजूरच्या संगणकातच राहणार, तिची जोडीदार आमच्याकडे. दोन्ही जुळल्या तरच दार उघडणार, आणि फाईल वाटेत कोणाला वाचताही येणार नाही. ओळखीच्या दवाखान्यांखेरीज बाकी कोणाला सर्व्हरनं उत्तरच द्यायचं नाही, हेही करून टाकलं.

राजूरची किल्ली तिच्याकडून फोनवरच बनवून घेतली. ती खरी तिचीच आहे ना, हे पाहायला तिनं पडद्यावरची अक्षरं वाचायची आणि मी माझ्याकडची ताडायची.

"मोठा के. सात. बारका एम." मागं म्हातारी कण्हत होती. "आजी, वाईच थांबा, नगरला कुलूप बसवत्यात. हं ताई, मग मोठा आर."

सगळी जुळली. दुपार कलता कलता आजीची फाईल आली. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी लगेच संगमनेरला न्यायला सांगितलं.

"आता तुम्हाला काही करावं लागणार नाही," मी तिला म्हणाले. "एक्स-रे काढला की फाईल आपोआप येईल."

"मंग फोन बी नको?"

"नको."

"बरं झालं की," ती म्हणाली, आणि आजीसाठी गाडी बघायला गेली.

फाईली बिनचूक येऊ लागल्या. फोन बंद झाला. एकदा मीच लावला, "येतंय ना सगळं?" ती हसली. "ते तुमाला दिसतंय की ताई! बाहेर रांग लागलीय, ठेवते हां."

पुढे राजूरला नवा संगणक आला, त्याला नवी किल्ली लागणार होती. फोनवरही झालं असतं. मी म्हटलं, येऊन करते. एसटीनं संगमनेर, अकोले करत पोचले. माझ्या मनात होती त्यापेक्षा ती खूपच तरुण निघाली.

"मला वाटलं तुमी जाडजूड असताल," ती म्हणाली आणि लाजली.

काम चटकन झालं. तिनं डब्यातली अर्धी नागलीची भाकरी मला दिली. जेवताना दोघी पडद्याकडेच बघत होतो. फोनवर इतकं बोलणाऱ्या आम्ही, समोरासमोर काय बोलावं ते सुचेना. तिनं मुलांचे फोटो दाखवले. मग पेशंट आला आणि ती उठली. "नगरला या कधी," मी म्हणाले. "येईन की," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आले, दिवा लावला. पोचलीस का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं, तरी मी तिला मेसेज केला, "पोचले."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं. नुसता अंगठा.