जमिनीवरच्या कासवाला परात कशाला?

मैत्रिणींनो, शाळेत सिस्टरांच्या बागेत एक कासव होतं. त्याला हात लावायची बंदी होती. आज साठीत मी स्वतःचं आणलं! इथे आखातात आमच्या उम्म अल हस्सम भागातल्या दुकानातलं सगळ्यात चपळ निवडलं.

चहा टाकून आले, तर व्हिजिट व्हिसावर आलेल्या मोठ्या जाऊबाईंनी त्याला पाण्याने भरलेल्या परातीत, उत्तरेला तोंड करून बसवलेलं! आपण पितळी कासव ठेवतो तसं. बिचारं बुडत होतं.

मी झटकन उचललं. "अहो ताई, हे जमिनीवरचं आहे. पोहता येत नाही त्याला."

"अगं, मग लक्ष्मी कशी येणार?"

"नाही आली तरी चालेल. हे जगलं पाहिजे."

जाऊबाई रुसल्यात. रुसू देत. बाल्कनीत ते जर्जीर या इथल्या पालेभाजीची पानं खातंय आणि मी राखण करतेय. घरात आणलेल्या जिवासाठी थोडा वाईटपणा घ्यायला काय हरकत आहे, सांगा बरं?