तिसऱ्या चरातली ओल

परभणी जिल्ह्यात जमिनीवर चालणारी माणसं भरपूर आहेत; पण जमिनीखाली काय चाललंय हे नुसत्या तळपायानं सांगणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. हे आता मी अभिमानानं सांगतो. लग्न झालं तेव्हा सांगत नव्हतो. सासुरवाडीच्या पहिल्याच पंगतीत हे गृहस्थ माझ्या शेजारी बसले आणि नोकरी, पगार, शेती असलं काही न विचारता म्हणाले, "जावईबापू, तुमच्या संडासाचं पाणी कुठं जातंय?" माझा घास हातातच राहिला. मला ठाऊक नाही असं मी कबूल केलं. त्यावर मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू पोरगी द्यायच्या आधी हे विचारायचं राहूनच गेलं.

मामा सोनपेठचे. अख्खी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून झाली. पाणी कुठं पाझरतंय, कुठं तुंबतंय, शेवटच्या शेताला पोचतंय की नाही, हे बघत भरावावरून अनवाणी चालायचं, हेच त्यांचं काम. नोकरी सुटली पण चाल सुटली नाही. बाकीची माणसं निवृत्त झाल्यावर देवदर्शनाला निघतात, मामा पाहुण्यारावळ्यांच्या सेप्टिक टाक्यांना निघाले. आमचं झरीचं घर बांधलं तेव्हा तर नकाशा माझा आणि मागचं अंगण त्यांचं, अशी वाटणीच झाली. इथली काळी माती पावसाळ्यात फुगून बसते आणि पाणी प्यायचं नाव घेत नाही, त्यामुळं नुसत्या शोषखड्ड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी तीन लांब चर खणायला लावले, त्यांत खडी, खडीत भोकं पाडलेले पाइप आणि वरून माती. टाकीतलं पाणी पहिल्या चरात उतरायचं, तो भरला की दुसऱ्यात, आणि घरात पाणी फारच सांडलं तर तिसऱ्यात. या तिसऱ्या चराला मामा कालव्याच्या भाषेत 'टेल', म्हणजे शेवटचं टोक, म्हणत. प्रत्येक चराच्या टोकाला झाकणाचा एक उभा पाइप होता, त्यातून सळई घालून ओल मोजायची.

ही सळई वर्तमानपत्रात गुंडाळून मामा दर महिन्याला एसटीनं यायचे. एकदा कंडक्टरनं हटकलं, "आजोबा, हे काय नेऊ लागलात?" मामा शांतपणे म्हणाले, "नाडी बघायची हाय." आल्यावर चहा घ्यायचे नाहीत. आधी चपला काढायच्या आणि डोळे मिटून तिन्ही चरांवरून चालायचं. मग माझ्या बायकोला मोरीत बादली ओतायला लावून आपण बाहेर पाइपाला कान लावायचा. "गुडगुडलं का? न्हाई. बेस." मग सळई. ती बाहेर काढून ओल बोटांनी मोजायची, फडक्यानं पुसायची आणि मगच "आण चहा." मी एकदा म्हणालो, मामा, काही बिघडलं तर बघू की, आत्ताच कशाला? मामांना ते फार लागलं. "माणूस दुखलं की बोंबलतंय जावईबापू. चर बोंबलत न्हाई. आधी नुसता हिरवा होतोय. ते कळलं तर तकलीफ वाचती."

आमच्या गौरीला मात्र या प्रकाराचा कधी कंटाळा आला नाही. चार वर्षांची असल्यापासून ती त्यांच्या मागून अनवाणी डोळे मिटून चालायची आणि दर वेळी तुळशीवृंदावनावर आपटायची. पुढं मोठी झाली, लांब केसांची झाली. रविवारी ती डोक्यावरून न्हायली की त्या दिवशी तिसऱ्या चरात दोन बोटं ओल यायची. मामांना त्याचं कौतुक. "पोरगी टेलला पाणी पोचवती," असं ते सोनपेठच्या पारावर सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं पोरगी पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे.

अर्थात मामा चुकायचे नाहीत असं नाही. एका भाच्याकडं हिरवळ दिसली म्हणून त्यांनी अर्धं परसू उकरून ठेवलं आणि निघालं काय, तर त्याची सून तिथं रोज ताकाची भांडी विसळायची. तेव्हापासून नात्यात मामांचं हसं व्हायला लागलं. सळई दिसली की पोरंसोरं विचारायची, "ताक निघालं का?" मामा हसायचे, पण त्यानंतर ते कुणाकडं आपणहून जाईनात. आमच्याकडं तेवढे येत राहिले.

आणि मग गौरीचं लग्न ठरलं. मुलगा पाथरीचा. माझ्या आईचा हट्ट असा, की कार्यालय बिर्यालय नको, नातीचं लग्न आपल्या अंगणात. चारशे माणूस जेवणार, आणि तेही मागच्या मोठ्या अंगणात मांडव घालून. नेमके त्या आधीचे सात-आठ महिने मामा दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनांमुळं आलेच नव्हते, त्यांना वाकायची मनाई होती. भर उन्हाळ्यात सगळं अंगण वाळून गेलेलं, पण पहिल्या चरावर लुसलुशीत हिरवंगार गवत. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि आम्हाला आनंद झाला! आई म्हणाली, "बघा, जागा कशी लक्ष्मीवाणी हाय. मुहूर्तमेढ इथंच रोवायची." मोरीतलं पाणी हल्ली जरा हळू जातंय, हे बायको दोनदा म्हणाली होती. लग्नाच्या गडबडीत ते कोण ऐकतो!

मेढीच्या आदल्या दिवशी सकाळी काळा चष्मा लावून मामा उतरले. चपला काढल्या, पहिल्या चरावर चार पावलं टाकली आणि जागच्या जागी थांबले. "इनबाई, हितं मेढ न्हाई रोवायची. खाली भरलंय." आई भडकली. शुभकार्याच्या तोंडावर असलं बोलणं तिला कसं खपावं? "भाऊ, तुमाला सगळीकडं तेच दिसायलंय. हितं बी ताक निघंल तुमचं." मामांचा चेहरा उतरला. मीही मांडवाचे बांबू मोजत बसलो, याची मला आजही लाज वाटते. मामांनी सळईवरचं वर्तमानपत्र सोडलं आणि म्हणाले, "एक रोज द्या मला. चारशे माणसाचं पाणी ह्याच्यात गेलं तर ऐन पंगतीत वर येईल. पोरगी बोहल्यावर अन् पाहुणे नाकाला रुमाल लावून. उद्या मी खोटा निघालो तर ही सळई हिरीत टाकीन अन् लग्नात मुकाट जेवून जाईन." मग त्यांनी गौरीकडून रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग मागून घेतला, सगळा पुडा संडासात ओतला आणि आम्हाला दिवसभर बादल्या ओतायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या पाच सवाष्णी आल्या. मामा कट्ट्यावर सळई मांडीवर घेऊन बसले होते. गड्यानं हिरव्या गवतात पहार घातली, हातभर खड्डा झाला, आणि त्यात हळूहळू पाणी भरायला लागलं. गुलाबी! आईचे डोळे भरून आले. "अगं बाई, कुंकवाचं पाणी! गौराईनं कौल दिला गं!" म्हणत तिनं हळदकुंकवाचं ताट उचललं, सवाष्णींनी पदर डोक्यावर घेतले, एक तर तीर्थ घ्यायला ओंजळ करून खाली वाकलीसुद्धा. ऑपरेशन, मनाई सगळं विसरून मामांनी कट्ट्यावरून उडी टाकली. "हात नका लावू, माय! संडासाचं हाय ते!"

पुढच्या पाच मिनिटांचं वर्णन मी करत नाही. आईनं दोनदा आंघोळ केली एवढं सांगतो. बाहेर आली ती सरळ मामांपुढं जाऊन म्हणाली, "चुकलं माझं भाऊ. आता काय करायचं ते तुमी सांगा." आणि मामा उठले. ते उठणं बघण्यासारखं होतं. मुहूर्तमेढ पुढच्या अंगणात रोवली. मैला उपसायची गाडी आली, टाकी रिकामी झाली. पहिल्या आणि दुसऱ्या चराच्या जोडावर खणलं तेव्हा पाइपात हातभर लांब मुळ्यांची वेणीच निघाली. मामा नव्हते त्या महिन्यांत आईनं गुपचूप लावलेला शेवगा तिथून वीतभर अंतरावर डोलत होता. त्याच्या मुळ्यांनी वाट बुजवली, दुसऱ्या चराला थेंब मिळेना आणि सगळं पाणी पहिल्यातच साचत राहिलं. शेवगा त्याच दिवशी पडला. आई तेवढंच म्हणाली, "शेंगा तर काढून घ्या." आठवडाभर आम्ही आंघोळीचं पाणी दुसरीकडं काढलं, पहिल्या चराला दम खाऊ दिला, आणि लग्नाच्या दिवशी ते हिरवं गवत बाकीच्या अंगणासारखं पिवळं पडून गेलं. पिवळं गवत बघून पोटभर आनंद झालेलं वऱ्हाड जगात आमचंच असेल.

लग्नात मामा नवं धोतर, फेटा, काळा चष्मा अशा थाटात मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. पाथरीहून आलेल्या जीपा तिथं लावायला निघाल्या तर चर दबतील म्हणून त्यांनी सळई आडवी धरून एकूण एक परत फिरवली. खुद्द व्याह्यांची पण. मुहूर्त गोरजाचा, त्यामुळं पंगती दुपारपासूनच उठत होत्या; दर पंगतीनंतर मामा झाकण उघडायचे, सळई घालायचे. इकडं पुढच्या अंगणात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि त्या गलक्यात मामा सळई डोक्यावर उंच धरून गर्दी कापत आले. "जावईबापू! टेलला पाणी पोचलं!" चारशे माणसं जेवली होती, आणि अंगणात वास होता तो फक्त मोगऱ्याचा. बोहल्यावरची गौरी हार सावरत खळखळून हसली. तिनं तिथूनच हात करून विचारलं, किती? मामांनी चार बोटं दाखवली. ज्यांनी ताकावरून हसून घेतलं होतं, ते सगळे त्या संध्याकाळी मामांना आपापल्या घरी यायचं आवतण देत होते.

पुढच्या महिन्यात मामा नेहमीसारखे आले. डोळे मिटून चालले, कान लावला, सळई घातली. पहिला चर ठीक. दुसऱ्यात जेमतेम ओल. तिसऱ्यातून सळई टोकापर्यंत कोरडी निघाली. खरं तर चर निरोगी असल्याचीच ती खूण, पण मामा त्या दिवशी ती हातात धरून तसेच उभे राहिले. "घरात तीनच माणसं उरली," मामा म्हणाले. "टेलला काय पोचणार?" त्यांनी चहा अर्धाच घेतला. त्यानंतर दर महिन्याला तिसरं झाकण मीच उघडायचो, आणि मामा सळई न बघताच वर्तमानपत्रात गुंडाळायचे.

दिवाळसणाला गौरी आणि जावई आले. आंघोळ करून ती ओल्या केसांनी अंगणात आली आणि चपला काढून डोळे मिटून मामांच्या मागून तिन्ही चरांवरून चालली. या वेळी तुळशीवर आपटली नाही. मामांनी तिसऱ्या पाइपात सळई सोडली, वर काढली. टोकाला दोन बोटं ओल होती. मी फडकं पुढं केलं, तर मामा म्हणाले, "राहू द्या जावईबापू. पोरगी हाय तवर पुसायची न्हाई."