नाक्यावरची मोजणी

"गेलं तेवढं आलं पाह्यजे." नाक्यावरून आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बोट करत हवालदार पुटपुटायचे. माणूस असो, शेळी असो, सरपणाला निघालेली बाई असो, बोट सगळ्यांवरून फिरायचं. नगरजवळच्या आमच्या गावाला लागूनच लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे. त्याला आम्ही रेंज म्हणतो. सशस्त्र पोलिसातले हे हवालदार तिच्या नाक्यावर बंदूक घेऊन उभे असत. आत कोणी उरलं नाही, असं त्यांनी फोनवरून कळवायचं, मगच तोफा सुरू व्हायच्या.

असा एखादा मोजणारा तुम्हीही पाहिला असेल. मारुतीच्या देवळात गेले तरी ते बाहेरच्या चपला मोजतात, अशी आम्ही टिंगल करायचो. एकदा विचारलं, तर म्हणाले, "मोजतो की. आज एक जोड जास्त हाय. कुनीतरी अनवानी गेलंय."

माझं लग्न दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यातलं. नवरीचं गाव रेंजच्या पलीकडे. सकाळी आमचं वऱ्हाड बैलगाड्यांतून आतल्या वाटेनं निघालं, तेव्हा हवालदारांनी अडतीस डोकी मोजून बजावलं, "चारला तोफा हायेत. त्याच्या आत या." लग्न लावून, जिलेब्या हाणून आम्ही साडेतीनला परत नाक्यावर आलो. नवरीची पाठराखीण तापानं मागेच राहिली होती. बोट फिरलं. अडतीस.

"जुळलं की, हवालदार," मी म्हणालो. मुंडावळ्या बांधल्यावर माणसाला जरा जास्तच जोर येतो.

त्यांचं बोट माझ्या बायकोपाशी थांबलं. "ह्या बाई सकाळी हुत्या का?"

"नाही. ही नवरी."

"मंग एक कमी हाय."

वऱ्हाडाच्या तोंडचं पाणी पळालं. माझे चुलते, तात्या, कुठेच दिसेनात. हवालदारांनी फोन उचलला. पलीकडून साहेब एवढे ओरडले की बैलांनी कान टवकारले. त्याच महिन्यात हवालदारांची बढती ठरायची होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते शांतपणे म्हणाले, "बढती ऱ्हाऊ द्या साहेब. मानूस आत हाय."

साथीदाराला नाक्यावर उभं करून त्यांनी सायकल काढली आणि मला कॅरियरवर बसवलं. पाठीवरच्या बंदुकीचा दस्ता सारखा माझ्या फेट्यावर आपटत होता. "जिलेबी खाल्लेला मानूस सावलीलाच आसंल," ते म्हणाले. आणि खरंच, तात्या एका बाभळीखाली पटका तोंडावर घेऊन घोरत होते. आम्ही तिघं एकाच सायकलवर परतलो.

हवालदारांनी पहिल्यापासून मोजलं. एकोणचाळीस. मग फोन केला. पहिली तोफ धडाडली, बैल बिचकले, आणि तात्यांनी विचारलं, "लग्नाचं बार व्हय? लई खर्च केला रं." माझी बायको खळखळून हसली. तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बढती दोन वर्षं लांबली. निवृत्त झाल्यावर हवालदार आमच्याच गावात राहिले. आमच्याकडे मूल झालं की दारात येऊन सगळ्यांवरून बोट फिरवायचे, नवा आकडा सांगायचे आणि चहा घेऊन जायचे.

एका सकाळी त्यांना खांद्यावर घेऊन ओढ्यावर पोचवायला निघालो, तेव्हा मी नकळत माणसं मोजली. त्यांना धरून सत्तावीस. परतताना वेशीपाशी माझं बोट आपोआप उठलं. सव्वीस भरले. मला रडू आवरेना. तरी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.